डेसिबलचा आकडा: किती खरा, कशाचा खरा

गणेश विसर्जन उरकलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत डेसिबलची कोष्टकं येतात. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत की वाचक ठरवून टाकतो, कुणीतरी खोटं बोलतंय. बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं. एकानं स्पीकरच्या भिंतीपाशी उभं राहून सर्वांत मोठा आकडा टिपलेला असतो. दुसऱ्यानं पंधरा मिनिटांची सरासरी घेतलेली असते. तिसऱ्याच्या मीटरचं बटण ‘ए’ऐवजी ‘सी’वर राहिलेलं असतं. हातात मावणारा डेसिबल मीटर आता ऑनलाइन कुणालाही मागवता येतो, त्यामुळे आवाज मोजणारे वाढले. कसा मोजला ते सांगणारे तेवढे वाढले नाहीत.

१९३० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरानं आवाजाची पाहणी केली तेव्हा उपकरणं ट्रकवर लादून रस्तोरस्ती न्यावी लागली होती. आज तेच काम पाव किलोचं यंत्र करतं आणि बऱ्यापैकी चांगलं करतं. तरीही आपल्याकडच्या वादांत हे यंत्र नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात असतं. मंडळं म्हणतात मीटर चुकीचा, रहिवासी म्हणतात पोलिसांनी मुद्दाम लांबून मोजलं. माझं मत असं, की यंत्राच्या चुकीपेक्षा अपुऱ्या नोंदीनं होणारा घोळ कितीतरी मोठा आहे. आणि आकडा खरोखरच अपुरा पडतो तो जिथं, तिथंही दोष यंत्राकडे कमी आणि नियमानं त्याला विचारलेल्या प्रश्नाकडे जास्त जातो.

आधी डेसिबलबद्दल थोडं. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा हवेचा दाब २० मायक्रोपास्कल धरला आहे. तो शून्य डेसिबल. एक पास्कल दाब म्हणजे ९४ डेसिबल. मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे इथली बेरीज शाळेतली नाही. ६० डेसिबलच्या एका पंख्याशेजारी तसाच दुसरा लावला तर १२० होत नाहीत, ६३ होतात. ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, पण माणसाला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून ‘मर्यादा फक्त पाच डेसिबलनं ओलांडली’ या वाक्यातला ‘फक्त’ फसवा आहे. पाच डेसिबल म्हणजे तिपटीहून जास्त ध्वनिऊर्जा.

आता यंत्र. पुढं मायक्रोफोन, आत प्रवर्धक आणि गाळण्या, वर आकडा. सध्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१६७२ आहे; ते २००२ साली आलं, २०१३ मध्ये सुधारलं, आणि त्यात यंत्रांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग प्रयोगशाळा आणि अचूक कामासाठी, दुसरा सर्वसाधारण क्षेत्रीय कामासाठी. दोघांतला फरक लोकांना वाटतो तेवढा सरसकट नाही. १००० हर्ट्झला, म्हणजे बोलण्याच्या पट्ट्याच्या मध्यावर, पहिल्या वर्गाला ०.७ आणि दुसऱ्याला १ डेसिबल इकडे-तिकडे होण्याची मुभा आहे. दरी रुंदावते ती टोकांना. ८००० हर्ट्झला दुसऱ्या वर्गाचं यंत्र ५ डेसिबलपर्यंत चुकलं तरी मानकात बसतं, पहिल्या वर्गाचं अडीचपर्यंत. थंडीत पहिल्या वर्गाच्या यंत्राला उणे १० अंशांपर्यंत तग धरावा लागतो, दुसऱ्याला शून्यापर्यंत. आपल्याकडे या फरकाशी फारसं देणंघेणं नाही. थोडक्यात, रहदारी, जनरेटर, लाउडस्पीकर यांच्यासाठी दुसऱ्या वर्गाचं खरंखुरं यंत्र पुरेसं आहे. ‘खरंखुरं’ म्हणायचं कारण असं, की स्वस्त मीटरच्या खोक्यावर वर्ग छापलेला असतो, तो कुणी तपासला होता याचा कागद आत नसतो.

स्वस्त यंत्रात आणखी एक उणीव असते आणि कायद्याच्या दृष्टीनं ती अचूकतेपेक्षा मोठी आहे. ती म्हणजे सरासरी न काढता येणं. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधल्या मर्यादा क्षणिक आकड्याच्या नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस सकाळी सहा ते रात्री दहा, रात्र दहा ते सहा. हे सगळे आकडे ‘डीबी-ए एल-ईक्यू’ या मापातले आहेत, म्हणजे ठरावीक काळातल्या ध्वनिऊर्जेच्या सरासरीचे. बाजारातला साधा मीटर त्या-त्या क्षणाचा आकडा दाखवतो आणि फार तर ‘मॅक्स’चं बटण देतो. त्या मॅक्सचा फोटो काढून ‘निवासी भागात ५५ ची मर्यादा, इथं ९२’ असं लिहिणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची तुलना आहे. एका हॉर्ननं ९२ होतात. मर्यादा मोडली की नाही, ते त्यावरून ठरत नाही.

सरासरीचंही एक अंग समजून घ्यायला हवं, कारण ती आपल्या नेहमीच्या सरासरीसारखी वागत नाही. समजा, रात्री एका गल्लीत ५९ मिनिटं ५० डेसिबलची शांतता आहे आणि एक मिनिट कुणीतरी ९० डेसिबलनं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घुमवली. साध्या हिशेबानं सरासरी ५१ च्या आत येते. ऊर्जेच्या हिशेबानं त्या तासाची सरासरी ७२ च्या वर जाते. म्हणजे एक मिनिट उरलेल्या ५९ मिनिटांना गिळून टाकतं. हे अन्यायाचं वाटतं, पण झोपमोड झालेल्या माणसाला विचारलं तर तो ५१ पेक्षा ७२ ला खरं म्हणेल. एल-ईक्यू नसलेल्या मीटरनंही कामचलाऊ सरासरी काढता येते: दर दहा सेकंदांनी आकडा लिहायचा, दहा-पंधरा मिनिटं लिहीत राहायचं आणि मग प्रत्येक आकड्याची ऊर्जा काढून तिची सरासरी घ्यायची. अर्धा वेळ ७० आणि अर्धा वेळ ९० असेल तर उत्तर ८० नव्हे, ८७ येईल. कंटाळवाणं काम आहे, पण एका संध्याकाळात जमतं, आणि मॅक्सच्या फोटोपेक्षा शंभरपट उपयोगाचं आहे.

आकड्याच्या हालचालीवर ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ या बटणाचाही परिणाम होतो. फास्टमध्ये यंत्र १२५ मिलिसेकंदांच्या गतीनं प्रतिसाद देतं, स्लोमध्ये एका सेकंदाच्या. ताशाच्या काडीचा, हातोड्याचा, फटाक्याचा ठोका स्लोवर मोजला तर तो बराच दबून दिसतो. लांब पल्ल्याच्या सरासरीला हे बटण जवळजवळ बिनमहत्त्वाचं, पण सर्वोच्च आकडा देणार असाल तर फास्ट होता की स्लो हे न सांगता दिलेला आकडा टाकाऊ. ज्यांच्याकडे चांगलं यंत्र आहे त्यांनी एल-९० ही पाहावं: मोजणीच्या ९० टक्के वेळ आवाज ज्याच्या वर राहिला तो आकडा. हॉर्न, कुत्रं, फेरीवाला हे सगळं वगळून त्या जागेचा पायाभूत आवाज काय, याचा तो बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज असतो.

या सगळ्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं याचं उदाहरण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२२ मध्ये घालून दिलं. त्यांच्या ‘फ्रंटियर्स’ अहवालात शहरांच्या आवाजाची तुलना होती. ढाक्यापुढे ११९ आणि मुरादाबादपुढे ११४ डेसिबल. आपल्या वर्तमानपत्रांनी लगोलग ‘जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं गोंगाटी शहर’ असे मथळे दिले. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रीतीनं केलेली मोजणी एका रांगेत लावली होती. सबंध शहराच्या रहदारीची दिवसभराची सरासरी ११४ असणं शक्यच नाही. कारखान्यात कानावर काहीही न घालता त्या पातळीत अर्धा तासही थांबू देत नाहीत. उपाशीपोटी घेतलेली साखर आणि जेवणानंतरची साखर एकाच तक्त्यात मांडून रोग्यांची क्रमवारी लावावी, तसा हा प्रकार. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत वर्षानुवर्षं मोजणी करत आले आहेत. तिचं मोल एखाद्या वर्षीच्या आकड्यात नाही. तेच चौक, तोच उत्सव, तशीच रीत यांत आहे. मिरवणूक नसलेल्या कोविडच्या वर्षी सरासरी साठच्या आसपास उतरली आणि नेहमीच्या वर्षी ती नव्वदीच्या पुढं, कधी शंभरीच्याही पुढं असते, हे आपण ठामपणे म्हणू शकतो ते या सातत्यामुळे.

मोजण्याआधी आणि मोजून झाल्यावर यंत्राची तपासणी करायची असते, आणि ही पायरी हमखास गाळली जाते. त्यासाठी कॅलिब्रेटर नावाचं छोटं उपकरण मिळतं. मायक्रोफोनवर टोपीसारखं बसवलं की ते १००० हर्ट्झचा ९४ किंवा ११४ डेसिबलचा ठरलेला सूर देतं. मीटरनं तेवढंच दाखवायला हवं. नसेल दाखवत तर जुळवून घ्यायचं. काम संपल्यावर पुन्हा बसवायचं, आणि सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला असेल तर मधली सगळी मोजणी बाजूला ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे. अडचण एवढीच, की चांगला कॅलिब्रेटर कधी कधी स्वस्त मीटरपेक्षा महाग पडतो, म्हणून लोक मीटर घेतात आणि तो घेत नाहीत. एका वस्तीतल्या चार-पाच सोसायट्यांनी मिळून एक घ्यावा, इतकं हे सोपं आहे. पिस्टनफोन हा जुना, भक्कम प्रकार वापरणाऱ्यांसाठी एक गंमत: त्याचा सूर हवेच्या दाबावर अवलंबून असतो, म्हणून तोच पिस्टनफोन मुंबईहून महाबळेश्वरला नेला तर जवळपास दीड डेसिबल कमी देतो. दुरुस्तीचा तक्ता किंवा छोटा दाबमापक त्याच्या पेटीत असतो तो त्यासाठी. याशिवाय मीटर आणि कॅलिब्रेटर दोन्ही ठरावीक मुदतीनं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आणायचे असतात. न्यायालयात वकील पहिला हात घालतो तो याच प्रमाणपत्राला.

जागेचा विषय मात्र सवडीनं बघायला हवा, कारण चुका सर्वांत जास्त इथं होतात आणि त्या कुठल्याही प्रमाणपत्रात दिसत नाहीत. मीटर छातीशी धरून मोजणारा माणूस स्वतःच एक भिंत असतो. अंगावरून परतलेला आवाज मायक्रोफोनवर येतो, आणि ४०० हर्ट्झच्या आसपास त्यानं ६ डेसिबलपर्यंत चूक होऊ शकते. म्हणून यंत्र ट्रायपॉडवर ठेवायचं, निदान हात पूर्ण लांब करून धरायचं. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंची, भिंती आणि उभ्या गाड्यांपासून शक्य तर साडेतीन मीटर अंतर, हा सर्वमान्य नेम. बाल्कनीत उभं राहून मोजलं तर मागच्या भिंतीवरून परतणाऱ्या आवाजानं आकडा साधारण ३ डेसिबल वाढतो. मायक्रोफोन भिंतीला चिकटवला तर ६. बाल्कनीत मोजू नये असा याचा अर्थ नाही. तक्रारदार राहतो तिथंच, झोपतो तिथंच, मग मोजायचं कुठं? फक्त ‘इमारतीच्या दर्शनी भिंतीपासून एक मीटरवर’ असं लिहून ठेवायचं, म्हणजे ते ३ डेसिबल वजा करायचे की नाही हे वाचणारा ठरवेल. मायक्रोफोनचं तोंड कुठं, हेही यंत्रागणिक बदलतं. युरोपीय धाटणीचे बहुतेक मायक्रोफोन आवाजाच्या उगमाकडे रोखायचे असतात, काही अमेरिकी धाटणीचे तिरपे धरायचे. पुस्तिका वाचल्याशिवाय हे कळत नाही, आणि पुस्तिका वाचायची आपल्याकडे रीत नाही.

वारा हा दुसरा छुपा शत्रू. मायक्रोफोनवर वारा घासला की यंत्र तोही आवाज म्हणून मोजतं. काळी फोमची टोपी शोभेची नसते. ती कायम चढवलेली असावी, आणि झाडाच्या फांद्या हलू लागतील इतका वारा, म्हणजे सेकंदाला पाच मीटरच्या वर, असेल तर मोजणी थांबवावी. विसर्जनाच्या दिवसांत कोकणकिनारी पाऊस आणि वारा दोन्ही असतात. भिजलेल्या फोमनं घेतलेले आकडे कितीही मोठे असले तरी त्यांच्यावर भांडू नये.

अंतराचं गणित मोकळ्या जागेत सोपं आहे. एका बिंदूतून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं उतरतो. दोन मीटरवर १०० असेल तर चारवर ९४, आठवर ८८, सोळावर ८२. अखंड रहदारीचा रस्ता हा बिंदू नसून रेघ आहे, तिथं दर दुपटीला ३ च उतरतात. पण लक्ष्मी रस्त्यासारख्या दोन्हीकडे इमारतींच्या भिंती असलेल्या चिंचोळ्या रस्त्यात आवाज भिंतींमध्ये आपटत राहतो आणि हे गणित कोलमडतं. आणि मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीसमोर दोन मीटरवर मोजणं म्हणजे उगमाच्या इतकं जवळ असणं, की मीटर एका स्पीकरपुढून दुसऱ्यापुढं सरकवला तरी आकडा बदलतो. इथं नियमही मोजणाऱ्याला फारशी मदत करत नाही. लाउडस्पीकरसाठी तो म्हणतो, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर नको. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५, व्यापारी भागात ७५. मैदानातल्या मांडवाला हद्द असते. सरकणाऱ्या मिरवणुकीची हद्द कुठली? माझ्या मते रस्त्याकडेच्या घरांची दारं-खिडक्या हीच हद्द धरली पाहिजे, कारण आवाज जिथं लोकांवर पडतो ती जागा तीच. पण हे कुठंतरी लेखी ठरल्याशिवाय प्रत्येक पोलीस हवालदार आपापली हद्द आखत राहणार. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री दहा ते बारा लाउडस्पीकरला जी सवलत देतं, ती वेळेची आहे, आवाजाच्या मर्यादेची नाही, हेही इथं नोंदवायला हवं; मंडळांच्या बैठकांत याच्या उलट समज पक्का दिसतो.

मर्यादेइतकाच महत्त्वाचा असतो तो स्पीकर बंद असतानाचा आवाज. ‘साहेब, इथं रहदारीच एवढी असते’ हा बचाव नेहमीचा आहे आणि तो पूर्ण खोटा नसतो. उत्तर सोपं आहे: स्पीकर सुरू असताना एकदा, बंद असताना एकदा, त्याच जागी मोजायचं. दोन्हींत १० डेसिबल किंवा जास्त फरक असेल तर रहदारीचा वाटा नगण्य. सुरू असताना ६५ आणि बंद असताना ६० आले तर स्पीकरचा स्वतःचा आवाज सुमारे ६३ ठरतो. फरक तीनच्या आत असेल तर वजाबाकीवर विश्वास ठेवता येत नाही. रात्री उशिरा, रहदारी ओसरल्यावर पुन्हा मोजावं. ही दुहेरी मोजणी पंचनाम्यात असली की अर्धा वाद तिथंच संपतो.

मोबाइलबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या नायोश या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं २०१४ मध्ये मोबाइल अॅप तपासून प्रसिद्ध केले. बहुतेक निकामी निघाले, काही आयफोनवरचे मात्र संदर्भ-यंत्राच्या दोन डेसिबलच्या आत आले. पुढं २०१७ मध्ये संस्थेनं स्वतःचं अॅप काढलं. आयफोनची मॉडेलं मोजकी, मायक्रोफोन सारखे, म्हणून तिथं ते जमलं. अँड्रॉइडमध्ये शेकडो बनावटीचे फोन, प्रत्येकाचा मायक्रोफोन वेगळा, शिवाय बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून आवाज आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा आत बसवलेली. मोबाइलचा मायक्रोफोन तोंडाजवळच्या बोलण्यासाठी बनलेला असतो, डीजेसाठी नाही; मोठ्या आवाजात तो गुदमरतो आणि आकडा एका जागी अडकून राहतो. तक्रार करावी की नाही एवढं ठरवायला अॅप ठीक. पुरावा म्हणून नाही.

कारखान्यांचंही एका परिच्छेदात आटोपतो. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही जुनी मर्यादा चालत आली आहे. नायोशची शिफारस ८५ ची आहे. कामगार एका यंत्रापासून दुसऱ्याकडे फिरत असतो, त्यामुळे हातातल्या मीटरनं यंत्राचा आवाज कळतो, कामगाराच्या कानाचा नाही. त्यासाठी खांद्यावर लावायचा डोसीमीटर लागतो. याउलट जनरेटरसारख्या स्थिर वस्तूला हातातला मीटर अगदी योग्य. २००५ पासून बनलेल्या १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. अंतर ठरलेलं, जागा ठरलेली, म्हणून भांडणाला वाव कमी. चांगला नियम कसा लिहावा याचा हा नमुना आहे.

मोजणी नागरिकांनी करायची आणि न्यायालयात मांडायची ही परंपरा महाराष्ट्रात जुनी आणि चिवट आहे. मुंबईत सुमैरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशननं वर्षानुवर्षं सणांचे, रहदारीचे आकडे गोळा केले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. पोलिसांकडे मीटर हवेत, तक्रारीची यंत्रणा हवी, हे त्यातून ठसलं. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयानं लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं पुन्हा सांगितलं आणि लाउडस्पीकरमध्येच डेसिबलची मर्यादा बसवण्याचा विचार करा असं सरकारला सुचवलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कायमस्वरूपी मोजणी केंद्रांचं जाळं २०११ पासून मुंबईसह सात शहरांत आहे. मुंबई पोलिसांनी तर २०२० च्या सुरुवातीला सिग्नललाच डेसिबल मीटर जोडल्याची चित्रफीत प्रसारित केली: हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. मोजणी म्हणून तिच्यात शंभर चुका काढता येतील, पण डेसिबल म्हणजे काय हे एका दिवसात जेवढ्या लोकांना तिनं शिकवलं, तेवढं कुठल्याही अहवालानं शिकवलं नसेल. मीटर आले, निकाल आले. पोलीस ठाण्यात मीटर आहे पण तो शेवटचा कधी तपासला आणि चालवायला कुणाला शिकवलं, ही दोन उत्तरं मात्र माहितीच्या अधिकारात एकेका ठाण्याकडून मागवून पाहावीत अशी आहेत.

आता त्या ठिकाणी, जिथं उत्तम यंत्र, उत्तम जागा, उत्तम नोंद असूनही आकडा लोकांच्या अनुभवाशी जुळत नाही. डॉल्बीची भिंत दोन गल्ल्या पलीकडे आहे, खिडकीची तावदानं थरथरताहेत, छातीत धडधड होतेय, आणि मीटर निवांत ६८ दाखवतोय. पोलीस म्हणतात, बघा, फार नाही. मीटर खराब नाही. तो ‘ए’ भारणीवर, म्हणजे वेगवेगळे सूर कानाप्रमाणे कमी-जास्त धरणाऱ्या गाळणीवर आहे, कारण नियम तसं सांगतो.

माणसाचा कान खर्जाला मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून वक्र काढले, आणि १९३६ च्या अमेरिकी मानकापासून त्यांतल्या हळू आवाजाच्या, ४० फॉनच्या वक्रावरून ‘ए’ भारणी रूढ झाली. तिच्यात १००० हर्ट्झला काहीच वजा होत नाही, १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा होतात, ६३ ला २६, ५० ला ३०. म्हणजे ५० हर्ट्झचा ११० डेसिबलचा दणका मीटरवर ८० दिसतो. पण कान खर्जाला मंद असतो तो हळू आवाजात. आवाज मोठा झाला की हा फरक आकसत जातो. शिवाय तावदानांना कान नसतात, त्यांच्यासाठी ‘ए’ला काही अर्थ नाही. भिंती आणि अंतर पार करून येतो तोही खर्जच. वरचे सूर वाटेत गळतात. म्हणून ताशाचा कडकडाट ‘ए’वर पुरेपूर मोजला जातो आणि डीजेचा सबवूफर निम्म्याहून जास्त सुटतो. ढोल-ताशा पथकांना आकड्यांत डीजेच्या बरोबरीनं दोषी ठरवलं जातं, त्यामागं हेही एक कारण आहे. पथकांच्या बाजूनं बोलणारे लोक ते कधी मांडत नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं.

यावरचा उपाय मीटरवरच आहे, अगदी स्वस्त मीटरवरही: ‘सी’चं बटण. ‘सी’ भारणी ६३ हर्ट्झला एक डेसिबलही वजा करत नाही, ३१.५ ला फक्त ३ करते. त्याच जागी आधी ‘ए’वर आणि लगेच ‘सी’वर सरासरी घ्यायची. दोन्हींत पंधरा-वीस डेसिबलचा फरक निघाला की समजावं, इथं खर्जाचा त्रास आहे आणि ‘ए’चा आकडा तो लपवतोय. दुसऱ्या वर्गाच्या यंत्राला ६३ हर्ट्झला २ डेसिबल चुकायची मुभा आहे, पण वीस डेसिबलच्या फरकापुढं ती किस झाडकी पत्ती. नियमात हे माप नसल्यामुळे केवळ त्याच्या जोरावर आज कारवाई होणार नाही. तरीही तक्रार अर्जात, पंचनाम्यात, मोजणी करणाऱ्या महाविद्यालयांच्या कोष्टकांत ‘ए’शेजारी ‘सी’चा रकाना यायला हवा, म्हणजे पुढं नियम बदलण्याची मागणी करताना हातात काही वर्षांचे आकडे असतील.

ही मागणी जगावेगळी नाही. आपल्याच देशात १९९९ पासून फटाक्यांना फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डीबी-एआय किंवा १४५ डीबी-सी शिखर अशी मर्यादा आहे. फटाक्यासाठी ‘सी’ चालत असेल, तर सबवूफरच्या भिंतींसाठी ती न लावण्याचं कुठलंही तांत्रिक कारण नाही. केंद्र सरकारनं लाउडस्पीकरच्या कलमात ‘ए’सोबत ‘सी’ची मर्यादा आणि मिरवणुकीसाठी मोजणीची नेमकी जागा, या दोन गोष्टी घालाव्यात, बाकी सगळं मोजायला पोलीस ठाण्यातल्या कपाटात पडलेला मीटर पुरेसा आहे.